मामाने सोडलेले मासे

मामा दातांचा डॉक्टर. आठवडाभर माणसांचे जबडे उघडायचे आणि रविवारी तळ्यावर माशांचे. पण मासा खायचा नाही हं! गळाला लागला की काढायचा, फोटो घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा. दवाखान्याच्या भिंतीवर असे एकवीस फोटो होते. त्यांच्याखाली उभा राहून मामा आपल्या दयाळूपणाच्या गोष्टी पेशंटना सांगायचा, तेही त्यांचा जबडा बधिर केल्यावर, म्हणजे कोणी उलट बोलायला नको.

मामी बाजारातून मासे आणून त्यांच्यावर ताव मारायची. "मी निदान पोटासाठी खाते. तुम्ही नुसते छळता."

"अगं, मी जीवदान देतो त्यांना!"

"आणि गळ कोणी टाकला होता?"

असं झालं की मामाला हातातलं वर्तमानपत्र एकदम फार महत्त्वाचं वाटू लागे.

एका रविवारी मी त्या दोघांना गाडीतून तळ्यावर नेलं. दहाच्या सुमारास दोरीला जबरदस्त हिसका बसला. बाविसावा मासा, आणि आजवरचा सगळ्यांत मोठा! अर्धा तास झटापट करून मामाने त्याला बाहेर काढलं, गळ सोडवला आणि दोन्ही हातांत धरून ऐटीत उभा राहिला. मोबाईल मामीकडे होता.

"थांबा," ती म्हणाली. "त्याचा श्वास कोंडलाय ना? मग फोटो निघेपर्यंत तुम्हीही श्वास धरा."

"त्यात काय!" म्हणत मामाने गाल फुगवले.

मामीने अजिबात घाई केली नाही. "थोडं डावीकडे सरका. डोळे मिटले तुमचे. अगंबाई, हा व्हिडिओच सुरू झाला की!" मी हसून हसून गवतावर बसले. मामा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि शेवटी फुस्स करून त्याने श्वास सोडला.

मासा पाण्यात टाकून तो नेहमीसारखा फोटो बघायला वळला. मामी मात्र पाण्याकडेच बघत होती.

"अहो, तो आडवा झालाय."

मासा कुशीवर तरंगत होता. मामा बुटांसकट पाण्यात शिरला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने माशाला दोन्ही तळव्यांवर सरळ धरलं. "श्वास घे रे, राजा. घे ना," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामीचा चेहरा उतरला. "माझ्या चेष्टेपायी झालं हे," म्हणत तीही पाण्यात उतरली. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

बऱ्याच वेळाने कल्ले हलले. मग शेपटी हलली, आणि मासा मामाच्या हातांतून सावकाश निघून गेला. मामा तिथेच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"एकवीस सोडले गं मी. पुढे त्यांचं काय झालं, एकदाही वळून पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने एका आजोबांची दाढ काढली आणि संध्याकाळी त्यांना फोन केला. "रक्त थांबलं का? काही खाता आलं का?" आजोबा जाम घाबरले. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी भलतीच दाढ काढली.

आता मामा प्रत्येक पेशंटला असा फोन करतो. माशांना फोन करता येत नाही, म्हणून त्यांना पकडणं त्याने बंद केलं.