उभी राहिलेली चिंच

रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारपेठेपासून जरा आत, ओढ्याच्या अलीकडे, हसाजी पालकर याचा तेलाचा घाणा होता. कुलाबा जिल्ह्यातून त्याचे आजोबा इकडे येऊन स्थायिक झाले. गावात बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचे, तेवढे एकच घर. बेने इस्राएल हे नाव गावाच्या जिभेला जड. शनिवारी त्यांचा शब्बाथ, घाणा बंद आणि बैलही दावणीला, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. "बैलाला रजा देणारा आमचा तेली," अशी थट्टा होई. हसाजीला तिचा राग येत नसे. त्याला खरा राग यायला लागला तो एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात, आणि तोही बराचसा स्वतःचाच.

त्या हिवाळ्यात घाण्याचे उखळ वरपासून तळापर्यंत तडकले. लोखंडी पट्टी ठोकून पाहिली. खोबऱ्याचे तेल चिरेतून झिरपून जमिनीत मुरे आणि मुंग्यांची चैन होई. आंबा घाटातून उतरणाऱ्या लॉऱ्या गिरणीच्या तेलाचे डबे आणू लागल्या होत्या. डब्याची सवय लागलेले गिऱ्हाईक घाण्याकडे परतत नाही, हे हसाजी ओळखून होता. नवे उखळ लवकर झाले नाही, तर आजोबांपासूनचा धंदा बुडणार होता.

लवू सुतार आला. त्याने चीर पाहिली, मग मान वर करून दारातल्या चिंचेकडे पाहिले.

"दुसरीकडे कशाला शोधायचं, हसाजीशेट? तुमचा घाणा तुमच्या दारात उभा आहे."

"फळतं झाड तोडत नाहीत आमच्यात."

"आमच्यात चिंचेवर भूत असतं म्हणतात. तुमच्यात देव बसवलात काय?"

"रानातलं ऐनाचं लाकूड नाही चालणार?"

"उन्हाळ्यात चिरेल. मग पुन्हा मलाच बोलवाल."

हसाजीच्या वडिलांनी एकच गोष्ट त्याला अनेकदा सांगितली होती. शत्रूच्या गावाला वेढा घातलात तरी त्याच्या फळझाडावर कुऱ्हाड चालवू नका, असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे; झाड काही माणूस नव्हे, ते पळून कुठे जाणार? शत्रूचे झाड राखायचे, तर आपल्या दारचे तोडण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याची बायको रिबकाबाई व्यवहारी होती. "अहो, मुंबईच्या प्रार्थनामंदिरातले हज्जान सांगतात, फळापेक्षा लाकडाचं मोल जास्त असलं तर तोडलेलं चालतं."

"मोल ठरवणार कोण? मीच ना? गरजवंताला लाकूड नेहमीच मोलाचं दिसतं."

मग तो बाजारात, गाडीतळावर, भेटेल त्याला सांगत सुटला: कुणाची जाडजूड चिंच पडली असेल तर कळवा, योग्य किंमत देईन. थोड्याच दिवसांत ओढ्यापलीकडच्या धाकूचा निरोप आला, "माझी चिंच पडली, घेऊन येतो." शुक्रवारी ऐन दिवेलागणीला गाडी आली. अंगणात ओंडका लोटून, "हिशेब रविवारी," असे म्हणून धाकू गेला. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो; घरात त्याचा दिवा लागला.

शनिवारी सकाळी हसाजी ओटीवर बसला आणि ओंडक्याकडे पाहू लागला. बुंध्याच्या टोकाला कुऱ्हाडीचे पांढरेशुभ्र घाव होते. पडलेल्या झाडालाही कुऱ्हाड लावावीच लागते, असे त्याने मनाला समजावले. पण खोडाला चिकटून राहिलेल्या डहाळीवर चिंचा होत्या, गाभुळलेल्या, देठाला घट्ट धरून. पानेही पुरती मिटली नव्हती. आणि या दिवसांत वारा तरी कुठे होता?

"तोंड का उतरलं?" रिबकाबाईने विचारले.

"आज व्यवहाराचं बोलायचं नाही."

प्रार्थनेच्या ओळी तोंडातल्या तोंडात अडकत राहिल्या. विसाव्याचा तो दिवस त्याला इतका लांब कधीच वाटला नव्हता.

रविवारी तो ओढा ओलांडून गेला. धाकूच्या अंगणात ओलसर बुंधा होता आणि भोवती ढलप्या.

"कशानं पडली रे?"

धाकू काही बोलायच्या आत त्याची बायको जनी दारातून म्हणाली, "कुराडीनं. मी बघत होते."

धाकू ओशाळला, मग उसळला. "तुमीच बाजारात सांगत फिरलात, चिंच पायजे म्हणून. उभी चालत नाय म्हणालात, म्हणून आडवी केली."

"अरे, तोडायची नव्हती म्हणून तर पडलेली मागत होतो!"

"तुमच्या दारात हाय की जाड चिंच. ती का नाय तोडलीत?"

फळतं झाड तोडत नाहीत, हे उत्तर हसाजीच्या ओठांवर होते. पण समोर तो बुंधा होता; त्याने वाकून एक ढलपी उचलली.

"शिमग्याला चिंचा इकून मी लुगडं घेत होते," जनी म्हणाली. "आता यांनी गाडीभर लाकूड इकलंन्. पुढल्या शिमग्याला काय, बुंधा इकू?"

ओंडका परत करून झाड उठणार नव्हते, आणि कामाचे लाकूड कुजवणे हाही वडिलांच्या शिकवणीत नाशच. हसाजीने कबूल केल्याप्रमाणे योग्य किंमत दिली. जाताना जनीला म्हणाला, "माझ्या दारच्या चिंचेचं फळ यापुढं तुझं. ती फळेल तोवर."

"आणि सावली? ती पाटीत घालून आणू?"

लवूने उखळ घडवले. "लाकूड झकास निघालं," असे तो दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा हसाजी उठून आत गेला.

घाणा पुढे चांगला चालला. दर शिमग्याला जनी पाटी घेऊन येई, चिंचा झोडून नेई. ओटीवर बसत नसे, पाणीही घेत नसे. रिबकाबाई माशाच्या कालवणासाठी बाजारातून चिंच आणी. "दारात झाड, नि चिंच विकतची," असे पुटपुटे.

एकदा रत्नागिरीचे कुणी शिक्षक तेल घ्यायला आले. दारच्या झाडाकडे पाहून कौतुकाने म्हणाले, "तुमच्या धर्मात झाडाला फार जपतात म्हणे."

"ओढ्यापलीकडं जाऊन बघून या," हसाजी म्हणाला आणि त्याने बैलाची दोरी हिसडली. बैल दचकून थांबला. त्याचा काहीच दोष नव्हता. हसाजीने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि शिक्षकांचे भांडे भरायचे तसेच राहिले.