आधी समोरच्याचे म्हणणे

पाणीगेटजवळच्या पाठशाळेत मी प्रथम गेले ती पदवीच्या ताठ्यातच. वडील सरकारी पागेत बारगीर. आमच्या घरात पदवीधर अशी मीच पहिली. न्यायशास्त्र शिकायचे आहे म्हटल्यावर ओसरीवरचा एक विद्यार्थी हसून गुजरातीत म्हणाला, "बेन, कॉलेज पेली बाजू," आणि त्याने पलीकडचा रस्ता दाखवला. ज्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे, ते गुरुवर्य विनायकशास्त्री तेवढ्यात बाहेर आले. त्यांनी मला पाट दिला आणि सांगितले, प्रवेशाचे शास्त्र्यांची सभा ठरवील, तोवर ओसरीवरून ऐकावे.

पाठशाळा म्हणजे घोकंपट्टी, असा माझा समज होता. येथे तर समोरच्याचे मत खोडण्याआधी ते स्वतः मांडावे लागे. तो "हेच माझे म्हणणे" म्हणेपर्यंत खंडनाला मुभा नसे. एका शिष्याने असाच शास्त्रीबुवांनी लावलेला एका सूत्राचा जुना अर्थ खोडला. दुसऱ्या दिवसापासून बुवा शिष्याचे नाव घेऊन नवा अर्थ शिकवू लागले. मी थक्क झाले. कॉलेजात प्राध्यापकांचे चुकले म्हणण्याची सोय नव्हती.

मधल्या काळात शास्त्रीबुवा आमच्या घरीही येऊन गेले. वडिलांना संकोच वाटू नये म्हणून तासभर घोड्यांविषयीच बोलत बसले.

सभेत वयोवृद्ध आबाशास्त्र्यांनी हरकत घेतली. स्त्रीच्या बुद्धीला न्याय पेलत नाही, असे त्यांचे मत. मी उत्तर पाठ करूनच गेले होते. शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "आज तुम्ही आबांची बाजू मांडा."

मला धक्काच बसला. माझे दार मीच लावायचे? तरी मांडू लागले. आबांनी दोनदा मान हलवून नकार दिला, चूक दाखवली. मी पुन्हा मांडले. अखेर ते म्हणाले, "हो, हेच माझे म्हणणे. मलाही इतके नेटके जमले नसते."

"मग आबा," शास्त्रीबुवांनी हात जोडले, "न पेलणाऱ्या बुद्धीने हे मांडले कसे?"

आबा पुटपुटले, "विनायका, माझ्याच सुपारीने माझा दात पाडलास," आणि मला कॉलेजचा रस्ता दाखवणाऱ्या त्याच विद्यार्थ्याला म्हणाले, "बेनचा पाट आत घे."

त्या दिवसाचा धक्का अजून ओसरलेला नाही. गुरुवर्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. त्यांचे एक मत मला खोडायचे आहे. वर्षभर मी ते मांडते आहे, आणि ते अजून "हेच माझे म्हणणे" म्हणालेले नाहीत.