मला वाकता येत नाही, मी योग शिकवते

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर पेनाने दोन खुणा केल्या, मधे टेप धरला आणि म्हणाले, "गुडघे सरळ ठेवून जमेल तितकं खाली वाका." मी वाकले. थोडं थांबून ते म्हणाले, "हं, वाका आता." मी म्हटलं, "वाकलेय की."

टेपवरचा आकडा जेमतेम हलला होता. मग त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि आजाराचं नाव सांगितलं: अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. ते एका दमात म्हणायला मला आठवडा लागला. सोपं करून सांगायचं तर शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था कमरेच्या आणि मणक्यांच्या सांध्यांवर उलटते. तिथे सूज येते, आणि लक्ष दिलं नाही तर मणके हळूहळू एकमेकांना जुळून जातात.

"मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आराम किती करता?"

मी अभिमानाने सांगितलं, "दिवसभर."

"तिथंच चुकतंय."

रडायच्या वेळी मला हसू आलं. दोन वर्षं आमच्या नांदेडच्या घरात माझ्या आरामासाठी सगळे झटत होते. कंबर धरली म्हणून सासूबाईंनी झाडू काढून घेतला, मग धुणं, मग कणकेची परात. पलंगावर गादीखाली फळी टाकली. शेजारणींना त्या सांगायच्या, "सुनंला उठूच देत न्हाई मी." मायेनेच सांगायच्या. आणि मी रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडून उठायची.

खरी गंमत पुढेच आहे. थोडं चाललं-फिरलं की मला मोकळं वाटायचं. पण हे मी कुणाला बोलले नाही. कामाने बरं वाटतं म्हटलं असतं, तर माझं दुखणं खोटं आहे असं सगळ्यांना वाटलं असतं. म्हणून मी गुपचूप पडून राहिले. हा शहाणपणा माझा स्वतःचा.

तुमच्यापैकी कुणाची पाठदुखी पडून राहिल्याने वाढत असेल आणि हालचालीने कमी होत असेल, सकाळचा ताठरपणा अर्धा तास जात नसेल, तर कृपा करून अंदाज बांधत बसू नका. रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. आणि काय बरं वाटतं तेही सांगा, नुसतं काय दुखतं ते नको.

गोळ्या सुरू झाल्या. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले आणि डॉक्टरांना विचारून, झटके न देता करायची काही आसनं. तीन आठवड्यांनी एका सकाळी माझी मान मागे वळली आणि मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. घड्याळ तिथेच होतं हो, मीच इतके दिवस वळत नव्हते. मी सासूबाईंना हाक मारून दोनदा वळून दाखवलं.

मग डोक्यात खूळ शिरलं. लातूरला रविवारी योगशिक्षकाचा वर्ग चालतो असं कळलं. नवरा म्हणाला, "तुला चपलेचा पट्टा लावता येत न्हाई, अन् तू शिकवणार?" तरी फॉर्म त्यानेच आणला. दर रविवारी एसटीने लातूर. बसून पाठ धरायची म्हणून प्रत्येक थांब्यावर मी उभी राहायची, आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, "उतरायचंय का?"

लातूरच्या वर्गात कॉलेजच्या मुली कपाळ गुडघ्याला सहज टेकवत होत्या. माझे हात नडगीच्या पुढे जाईनात. परीक्षेला बसायचं तर आधी आपल्या गावात महिनाभर वर्ग चालवून दाखवायचा, अशी अट होती. मला आता शिक्षिका व्हायचंच होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल मिळाला. पहिल्या दिवशी नऊ बायका आल्या. बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, निंदणी-खुरपणीने गुडघे गेलेल्या. मी आजाराचं अवाक्षर काढलं नाही. तासभर आधी गोळी घेऊन ठणठणीत असल्यासारखी सतरंजीवर बसले. दुसऱ्या दिवशी पाच आल्या, तिसऱ्या दिवशी तीन. आणि त्याच दिवशी मला जमिनीवरून उठताच येईना. शांताबाई नावाच्या एका थोराड बाईने काखेत हात घालून मला उभं केलं. "काय व्हायलंय तुला?" तिने विचारलं. मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं, गोळ्यांसकट.

"मंग आधीच सांगायचं की," ती म्हणाली. "आमाला वाटलं, आमालाच जमंना."

हॉलच्या मागे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. त्या जयंतीला निघतात, बाहेरून आलेल्या वक्त्यांसाठी. बायका कायम खाली सतरंजीवर. मी चार खुर्च्या ओढून मांडल्या. कुणी बसेना.

"त्या पाव्हण्यांच्या हायत," शांताबाई म्हणाली. "आमी कशाला बसावं?"

"आजपासून पाव्हण्या तुम्हीच," मी म्हटलं आणि आधी मी बसले. ती काठावर टेकली. मग मागे सरकली, पाठ टेकवली आणि पदर खोचून म्हणाली, "हं, सांग आता." बसल्या बसल्या हात वर, श्वास आत, सावकाश एका बाजूला. तिची कूस ताणली तशी ती मोठ्याने हसली. काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढच्या आठवड्यात इतक्या बायका आल्या की खुर्च्या पुरेनात. मी सकाळी जाग येण्याची वाट पाहू लागले, जिला दोन वर्षं सकाळ नकोशी होती ती मी.

परीक्षेत परीक्षक मॅडमनी पश्चिमोत्तानासन करायला सांगितलं, म्हणजे पाय पसरून पुढे वाकायचं. माझे हात नडगीवर थांबले.

"पुढे नाही?"

"नाही. मणके अडतात."

"मग विद्यार्थिनीला काय शिकवाल?"

"श्वास सोडायचा. हात पोचतील तिथे ठेवायचे. दुखलं की थांबायचं आणि मला सांगायचं, लपवायचं नाही."

त्या आसनाचे गुण कापले गेले. पण मी पास झाले. निकाल ऐकून मी नवऱ्याला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तेच सांगायला.

आजार आहे तसाच आहे. गोळी चालू आहे, ती डॉक्टर सांगतील तोवर चालेल. योगाने ती बंद होते असं कुणी सांगितलं तर मी भांडते.

परवा तपासणीला गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने नवी फाइल करताना विचारलं, "काम काय करता?" मी "योगशिक्षिका" असं इतक्या जोरात म्हणाले की बाकावरचे सगळे वळून पाहू लागले. शेजारी एक तरुण बाई कंबर धरून बसली होती. हातात एमआरआयचं पाकीट. ती हळूच म्हणाली, "मला वाकताच येईना बघा, ताई. तुमच्याकडं शिकले तर येईल का?"

"ते डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. "मला तर अजून बी येत न्हाई."

तिने पाकीट मांडीवर ठेवलं. मग जवळ सरकली आणि म्हणाली, "वर्ग किती वाजता असतो?"