मास्तरांचे काळे कोट

मास्तर शाळेतले नव्हते, शिंपी होते. आयुष्यभर त्यांनी कोट शिवले आणि तेही काळे. गडद निळा म्हणजे त्यांच्या लेखी चैन, आणि राखाडी म्हणजे निव्वळ थिल्लरपणा. बायको होती तेव्हा म्हणायची, "तुमचं गिऱ्हाईक लग्नाला निघालंय की मयताला, काही कळत नाही." मास्तर तोंडात टाचण्या धरायचे, म्हणजे उत्तर द्यायला नको.

बायकोच्या मागे त्यांना टोकणाऱ्या माणसाची उणीव सुनेने भासू दिली नाही. ती शहरात बस चालवायची. दर हिवाळ्यात तिचं एकच टुमणं असे, "बाबा, कोटाला रेडियमची पट्टी लावा. अंधारात माणसं दिसत नाहीत."

"कोट आहे गं तो. रस्त्यात आडवं ठेवायचं पिंप नाही."

त्या वर्षी थंडीत दुपार सरते न सरते तोच काळोख पडू लागला. एका संध्याकाळी सून घरी आली ती पायातले बूटही न काढता खुर्चीत बसली.

"बाबा, मी बस सोडते. डेपोच्या कॅन्टीनमध्ये काही काम मिळतं का बघते."

"का? काय झालं?"

"एक माणूस चाकाखाली यायचा राहिला. करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. काळा कोट होता, तुमचाच."

"माझा कशावरून?"

"मला शिव्या द्यायला त्याने हात वर केला, तर बगलेत कुठे ओढ बसली नाही."

मास्तर क्षणभर सुखावले आणि लगेच ओशाळले. "बसचे दिवे मिणमिणते असतील तुझ्या," ते पुटपुटले.

"मग उद्या चला माझ्याबरोबर. पुढच्या सीटवर बसा आणि स्वतःच बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर ऐटीत पुढे बसले. दिवे चांगले लख्ख होते. ओला रस्ता चकाकत होता, खांब दिसत होते, एक पांढरं कुत्रंसुद्धा लांबून दिसलं. "सगळं तर दिसतंय," मास्तर म्हणाले. तेवढ्यात वळणावर सुनेने बस थांबवली.

"का थांबलीस? कोणी नाही."

"थांबा जरा."

समोरच्या काळोखातून आधी एक कॉलर वर आली. ती घडी मास्तरांनी कुठेही ओळखली असती. मग कॉलरच्या वर त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, औषधवाल्याचा चेहरा उगवला. बसच्या अगदी पुढ्यातून तो रमतगमत पलीकडे गेला.

"हा कधी आला?"

"मलाही दिसला नव्हता. इथून लोक रस्ता ओलांडतात म्हणून मी अंदाजाने थांबते. अंदाज रोज थोडाच बरोबर येणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर बाजारात गेले.

पट्टी त्यांनी आणली, पण ती तशीच वरून चिकटवायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. तिच्या बारीक फिती कापून त्यांनी त्या आधी दुकानातल्या एका कोटाच्या बाह्यांच्या आणि पाठीच्या शिवणीत, काठाला गोट लावतात तशा बसवल्या. दिवसा राखाडी दिसायच्या. मास्तरांनी तेही गिळलं. मग घरोघर जाऊन फिती बसवायला आपले जुने कोट परत मागू लागले.

"कोटाचं काय बिघडलंय?" औषधवाल्याने विचारलं.

"कोटाचं काही नाही. आतल्या माणसाचं बिघडायला नको."

"कारंज्यासारखा चमकत फिरू की काय मी?"

"फिरा. सुनेला तुम्ही दिसलात म्हणजे झालं."

त्यानंतर काही दिवसांनी सून कामावरून आली आणि हात धुताधुताच म्हणाली, "बाबा, औषधवाल्याच्या डाव्या बाहीची पट्टी खालीवर झालीय. पार चौकाच्या टोकावरून दिसतं."

मास्तरांचा चेहरा पडला. "खालीवर? शक्य नाही. उद्या बस थांबव आणि कोट काढून आण त्याचा."

"भर रस्त्यात माणसाचा कोट उतरवू?"

"तू कुठली उतरवतेस. तू तर कॅन्टीनला निघाली होतीस ना?"

"मी? कोण म्हणालं?" असं म्हणत सुनेने ताट पुढे ओढलं.