साचा आणि दोन बटणं

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा.

बिर्लानगरात जेवणाचे कागदी द्रोण बनवणारे दोन कारखाने एक झाले, तेव्हा हवेच्या दाबाचं मशिन जोडायला एक मिस्त्री आला. मशिन चालवणाऱ्या त्याच्या इवल्याशा इलेक्ट्रॉनिक कार्डाची वीज हवेचा व्हॉल्व्ह उघडायला अपुरी, म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज सोडणारा खटका. “छोट्यानं फक्त सांगायचं, ताई, ढकलणारा दुसरा,” असं म्हणायचा. आम्हा बायकांचे दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच साचा खाली येई.

मालक म्हणाले, “एक बटण हटव, माल कम निघतोय.”

“मग मोकळा हात साच्यात जाईल ना, सेठ!” मिस्त्री म्हणाला.

सेठ ऐकेनात. मिस्त्रीनं कार्ड काढून खिशात घातलं आणि निघून गेला. मशिन बंद पडलं.

संध्याकाळी मालकांनीच त्याला परत बोलावलं, दोन्ही बटणं कबूल करून.

मी परक्या माणसाशी बोलत नाही. त्या दिवशी त्याला चहा विचारला.