उष्टं पाणी

माझी माय खुलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. आयुष्यभर तिने शेळ्या-मेंढ्या राखल्या. बाप गेला, मग सलग दोन वर्षं पाऊस रुसला. विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा तिने कळप विकला आणि मी तिला शहरात, माझ्या आणि नवऱ्याच्या फ्लॅटवर घेऊन आले.

बीड बायपासच्या पलीकडे त्या काळात इमारतींवर इमारती उठत होत्या. आमच्या इमारतीचा फलक मी क्रांती चौकात पाहिला होता. त्यावर कारंजं काढलेलं होतं. राहायला आल्यावर कळलं की कारंजं तर सोडाच, इथं नळसुद्धा नाही. टँकर येणार, तो हौदात रिकामा होणार, आणि सकाळी अर्धा तास घरात पाणी येणार. उन्हाळ्यात तेही एक दिवसाआड.

मायने आठवडाभरात घराचा ताबा घेतला. तेलाचे पाच लिटरचे कॅन मी भंगारात द्यायचे, ते बंद झालं. ती ते कॅन राख आणि गरम पाण्याने घासायची, दोन दिवस उन्हात पालथे घालायची आणि पाणी भरून जिन्याखाली ओळीने मांडायची. दुधाची पिशवी फोडली की तिच्यात घोटभर पाणी घालून ते चहाच्या भांड्यात ओतायची. मग पिशवी कापून, धुऊन दोरीवर वाळत. श्रीखंडाच्या डब्यांत हळद, जिरं, शेंगदाणे. मात्र गरम वरण किंवा लोणचं तिने प्लास्टिकला कधी लागू दिलं नाही. "वास धरतं ते. खाणाऱ्याच्या पोटात जाईल," म्हणायची. मी शाळेत शिकवणारी, पण हे मला तिने सांगितलं.

शेजारच्यांना दोरीवरच्या पिशव्या बघवत नव्हत्या. सोसायटीचे सेक्रेटरी एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, आजींना सांगा जरा. फ्लॅट बघायला लोक येतात. झोपडपट्टीसारखं दिसतं."

मी "सांगते" म्हटलं. सांगितलं नाही, पण त्यांना उलट उत्तरही दिलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

त्याच उन्हाळ्यात सोसायटीने फाटकावर कमान बांधायला काढली. आम्ही अंगावर दोन तांबे घेऊन आंघोळ उरकत होतो आणि कमानीच्या सिमेंटवर सकाळ-संध्याकाळ टँकरचं पाणी मारलं जात होतं. हे कुणालाच झोपडपट्टीसारखं दिसलं नाही.

उद्घाटनाला पाहुणे आले, मांडव पडला. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची सीलबंद बाटली ठेवलेली. भाषणं लांबली. लोक बाटली फोडायचे, दोन घोट घ्यायचे आणि खुर्चीखाली ठेवून द्यायचे. कार्यक्रम संपला तेव्हा मांडवभर अर्ध्या बाटल्या पडल्या होत्या. मी एका पाहुण्या बाईंशी बोलत होते. मागे वळून पाहिलं तर माय खाली वाकून एकेक बाटली उचलत होती आणि उरलेलं पाणी आपल्या तेलाच्या कॅनमध्ये ओतत होती.

सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले, "आजी, उष्टं गोळा करायची वेळ आली का तुमच्यावर? लेक खायला घालत नाही?"

चार लोक हसले. मी तरातरा गेले, मायचं मनगट धरलं आणि तिला घरी आणलं. अर्धा भरलेला कॅन तिने हातातून सोडला नव्हता.

घरात आल्यावर तिने तो ओट्यावर ठेवला. म्हणाली, "तुला लाज वाटली व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

"बाजूच्या बांधकामावर त्या राखणदाराच्या दोन शेळ्या हायेत. एक गाभण हाय. दुपारपासून लई वरडतीय. तिच्यासाठी घेत व्हते." कॅनचं झाकण लावत म्हणाली, "शेळीला उष्टं कळत नाय, बाई. ते माणसालाच कळतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या अंगाची मात्र लाही झाली. मी तोच कॅन उचलला आणि खाली गेले. मांडवात सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघं चहा पीत बसले होते. त्यांच्या समोरच मी खुर्च्यांखालच्या बाटल्या उचलायला लागले.

"मॅडम, तुम्हीसुद्धा?" सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब," मी म्हटलं, "पाणी उष्टं केलं ते तुमच्या पाहुण्यांनी. माझ्या आईनं नाही. कमानीला पाणी पाजताना तुम्हाला लाज वाटली नाही, आणि जनावराला पाजणारी बाई तुम्हाला भिकारी दिसली."

ते म्हणाले, "तुम्ही विनाकारण भावनिक होताय."

मी पुन्हा खाली वाकले. कॅन भरला, मग वरून दुसरा आणला, तोही भरला. रिकाम्या बाटल्या पोत्यात घातल्या. माय जिन्यात येऊन उभी होती. आम्ही दोघी ते पाणी बांधकामावर घेऊन गेलो. राखणदाराच्या बायकोने घमेलं पुढे केलं. गाभण शेळीने मान वर न करता ते रिकामं केलं आणि मायने तिच्या पोटावरून हात फिरवून सांगितलं, "आठ-दहा दिस राहिले."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सूचना-फलकावर नोटीस लागली: जिन्याखाली भंगार ठेवू नये, अन्यथा फेकण्यात येईल. आम्ही कॅन वर आणले. जागा नव्हती म्हणून नवऱ्याने हॉलमधला टीपॉय त्याच्या भावाकडे पोचवला आणि तिथं कॅन मांडले. पाहुणे आले की त्यांना चहाचा कप हातातच धरावा लागायचा.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. नळाची पाइपलाइन येणार अशी भाषणंही झाली. सेक्रेटरींनी मायची माफी कधी मागितली नाही. संक्रांतीला त्यांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. मी गेले नाही.