नुसतं 'चालत नाय' लिहू नका

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. मोबाईल-कॉम्प्युटरच्या अडचणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढा आणि ॲडमिन होऊन बसा. किस्से आपणहून येतात, तेही 'अर्जंट' लिहून! मी कर्जतला कॉम्प्युटर क्लास चालवायचो. क्लास बंद पडला, ग्रुप राहिला. बायको गेल्यापासून मला काही विचारणारं एवढंच उरलंय.

*

आमच्या ग्रुपचा राष्ट्रीय प्रश्न म्हणजे "चालत नाय." काय चालत नाही, कधीपासून, पत्ता नाही. खाली जोडलेले हात.

एकदा नेरळकडच्या बाळूशेठनी लिहिलं, "मशीन बंद पडलं. अर्जंट." अख्खा ग्रुप धावला. कोणी म्हणे रीस्टार्ट करा, कोणी म्हणे वायर बदला, एकाने तर व्हायरस सांगून टाकला. शेठ प्रत्येकाला "करून बघतो" म्हणत होते. शेवटी मी फोटो मागवला. फोटोत भाताची गिरणी!

"शेठ, अहो ही गिरणी आहे!"

"मग? मशीनच हाय ना!"

"आणि मघाशी रीस्टार्ट काय केलंत?"

"पट्टा काढून परत घातला की!"

*

खालापूरच्या रेहानाभाभींचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांनी एक व्हॉइस मेसेज पाठवला. लावला, तर नुसती शांतता. मी लिहिलं, "भाभी, काहीच ऐकू येत नाही."

त्यांनी दुसरा पाठवला, पहिल्यापेक्षा लांब. तोही मुका. मी पुन्हा तेच कळवलं. मग भाभींनी चिडून टाईप केलं, "तेच तर दोनदा सांगितलं ना मी! फोनचा माईक गेलाय!"

*

त्यानंतर मी नियम केला. कोणती वस्तू, तुम्ही काय केलंत, आता काय दिसतंय, एवढं लिहायचंच.

फार्महाऊस राखणाऱ्या तुकाराममामांनी नियम पाळला. "गेटचा कॅमेरा. काय बी केलं नाय. सगळं पांढरं दिसतंय."

लेन्स झाली, वायर झाली, सेटिंग झालं. शेवटी फोटो आला. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, सुतळीने गच्च बांधलेली.

"मामा, हे काय?"

"पावसाळा हाय, भिजंल ना! टीव्हीच्या रिमोटला बी घातलीय."

"तुम्ही तर काहीच केलं नाही म्हणालात!"

"कॅमेऱ्याला कुटं काय केलं? पिशवीला गाठ मारली."

*

पण हळूहळू माणसं शिकली हो. आणि तिथेच मी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. गिरणीच्या दिवशी दुपार कशी गेली कळलं नव्हतं. आता नीट प्रश्न येतो, एका ओळीत उत्तर जातं, अंगठा येतो, संपलं.

एकदा न राहवून मीच एकाला लिहिलं, "आणि बाकी काय म्हणता?"

उत्तर आलं, "बाकी सगळं चालतंय सर."

त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

*

पोशीरचे यशवंतकाका ग्रुपात नवीन. घरी एकटेच, मुलं बाहेरगावी. त्यांचा पहिलाच प्रश्न आला. इतका नीट प्रश्न मी क्लासमध्येही कधी पाहिला नव्हता.

"टचचा मोबाईल. चार्जिंग हाय, रेंज फुल हाय, आवाज मोटा केलाय, सायलेंट नाय. बंद करून चालू केला. अडचन: वाजत नाय."

ग्रुपने उपाय सुचवले. काकांचं प्रत्येकाला उत्तर, "ते बघितलं." मग मीच चहाचा कप बाजूला ठेवला आणि तपासायला म्हणून फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"वाजला!" काका ओरडले.

"मग बिघाड नाही, काका."

"नाय?" त्यांचा आवाज एकदम पडला.

मला फोन ठेववेना. भाताची लावणी झाली का विचारलं. मग त्यांच्या गुडघ्यांवर आलो, माझ्या डाळीला चव का येत नाही त्यावर आलो. ते म्हणाले, "फोडणीत लसूण ठेचून टाक रं." माझा चहा पार गार झाला.

"काका," मी शेवटी म्हटलं, "असे बिघाड एका दिवसात सापडत नाहीत. रोज लावून बघावं लागेल."

काका म्हणाले, "किती वाजता?"